ऐंशी टन आणि साठ टन, पैसे मात्र सारखेच

प्रश्न असा आला आहे: ‘मी सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी. आडसाली लागणीचा एकरी ८० टन ऊस काढला. माझ्या मेहुण्याचा कोल्हापूरकडच्या कागल तालुक्यात खोडवा आहे, त्याला एकरी ६० टन पडले. पण खात्यावर जमा झालेली रक्कम दोघांची जवळजवळ सारखीच. काटा मारला म्हणावं तर वजन मी बाहेरच्या काट्यावर करूनच गाडी पाठवली होती. मग माझे २० टन गेले कुठे? आणि आमच्या कारखान्याचे लोकही परवडत नाही म्हणतात, तर हा पैसा नेमका अडकतो कुठे?’

तुमचे वीस टन कुठंही गेले नाहीत. मोजले गेले, गव्हाणीत पडले, त्यांचा रसही निघाला. फक्त त्यांची किंमत झाली नाही. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून लागलो आणि चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालो. घरचा अडीच एकर ऊस आहे, म्हणजे काट्याच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेला माणूस आहे मी. त्यामुळे थोडं लांबण लावतो, पण हिशेबानेच सांगतो.

आधी तुमची रक्कम. एफआरपी म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, आणि उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली ते. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, म्हणजे टनाला ३,५५०. त्यापुढे उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढतात, खाली आलात तर तेवढेच कमी होतात. साडेनऊच्या खाली उतारा गेला तरी दर मात्र ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली जात नाही. आता मेहुण्याच्या कारखान्याचा उतारा ११.७५ धरा. त्याची एफआरपी टनाला ४,०६९ रुपये. तुमच्याकडचा साडेनऊ किंवा त्याखाली धरा, तुमची ३,२९०. आपल्या महाराष्ट्रात यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती कारखान्याकारखान्याला वेगळी, पण दोन्हीकडे सोयीसाठी ९०० धरू. त्याच्या हातात टनाला ३,१६९ आले, तुमच्या हातात २,३९०.

साठ टनांचे झाले १ लाख ९० हजार. ऐंशी टनांचे झाले १ लाख ९१ हजार. वीस टन जादा ऊस पिकवून, तोडून, वाहून तुम्ही हजार-अकराशे रुपये जादा मिळवलेत.

आणि अजून एक गोष्ट राहिली. तुमची आडसाली जुलै-ऑगस्टची लागण, सतरा महिने रानात उभी. त्याचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, बारा महिन्यांचा. महिन्याला भागा: तुमचे एकरी सव्वाअकरा हजार, त्याचे पावणेसोळा हजारांच्या वर. त्याला बेणं नाही, नांगरट नाही, सरी सोडणं नाही. तेव्हा ‘सारखीच रक्कम’ हेसुद्धा खरं नाही. तो तुमच्या बराच पुढे आहे.

आपल्याकडे शेतकऱ्याला विचारतात, ‘किती टन पडला?’ किती महिन्यांत आणि किती साखरेचा, हे कुणी विचारत नाही. ऊस स्पर्धेचे बोर्डही टनांचेच लागतात. टन हे वजन आहे. त्या टनात सत्तर टक्के पाणी असतं, तेरा-चौदा टक्के चोथा असतो, आणि कारखाना जिच्या जिवावर चालतो ती साखर उरलेल्या भागात. साखर धंद्यात एक जुनं वाक्य आहे, नवीन केमिस्टला पहिल्या आठवड्यातच ऐकवतात: साखर शेतात तयार होते, कारखाना ती फक्त बाहेर काढतो. कारखान्यात कितीही भारी मशिनरी आणा, उसात नसलेली साखर एक ग्रॅमसुद्धा निघणार नाही. आम्ही केमिस्ट लोक करतो काय, तर असलेली साखर कमीत कमी हरवेल एवढं बघतो.

मग उसात साखर कमी का भरते? हवा हे पहिलं कारण, आणि त्यावर कुणाचा इलाज नाही. कोल्हापूर-सांगलीचा पट्टा उताऱ्यात राज्यात वरचढ राहतो. तिथली नदीकाठची निचऱ्याची जमीन, पिकताना मिळणारी रात्रीची थंडी आणि फडापासून कारखान्याचं कमी अंतर, या सगळ्याचा तो एकत्र परिणाम. सोलापूरची जमीन भारी, उन्हाळा कडक, पाणी कधी कॅनॉलला तर कधी टँकरला. सतरा महिन्यांत एकदा ताण बसला की कांड्या आखूड पडतात, नंतर पाणी आलं की ऊस नव्याने वाढायला लागतो आणि भरलेली साखर वाढीला खर्ची घालतो.

दुसरं कारण जात. को ८६०३२ ही जात पाडेगावच्या संशोधन केंद्राने १९९६ मध्ये आपल्याकडे दिली. साखर आणि वजन दोन्ही बऱ्यापैकी, खोडवाही चांगला, म्हणून अजून टिकून आहे. त्यानंतर २००७ मध्ये फुले २६५ आली. क्षारपड रानातही जोमाने वाढते, टनेज दांडगं, शेतकरी तिच्या प्रेमात पडला. पण तिची साखर उशिरा भरते. पूर्ण पिकू दिली तर वाईट नाही, मात्र नोव्हेंबरात तोडली तर प्रयोगशाळेत आम्ही कपाळाला हात लावायचो. काही कारखाने तिच्या नोंदी घ्यायला खळखळ करायचे ते याचसाठी. मला शेतकऱ्याचा दोष वाटत नाही. त्याच्या रानात मीठ फुटलंय, दुसरं काही येतच नाही, तर तो काय करणार? आणि मुख्य म्हणजे त्याला पैसे मिळतात वजनाचे.

इथे खरी गोम आहे. एफआरपीचा उतारा हा कारखान्याचा सरासरी उतारा असतो, तुमच्या फडाचा नव्हे. तुमच्या उसात तेरा टक्के साखर होती की दहा, याने तुमच्या बिलात एक पैसा बदलत नाही. गोड ऊस घालणाऱ्याची साखर सगळ्यांत वाटली जाते आणि फिका ऊस घालणाऱ्याचा तोटाही सगळ्यांत वाटला जातो. मग शहाणा शेतकरी काय करेल? वजन वाढवेल. शेवटपर्यंत पाणी देईल, युरियाचा अजून एक हात मारेल, मिळेल ती जड जात लावेल. एकट्याच्या दृष्टीने तो बरोबर वागतो, आणि सगळे तसेच बरोबर वागले की कारखान्याचा उतारा पडतो आणि सगळ्यांचा दर पडतो. ऑस्ट्रेलियात प्रत्येकाच्या उसाचा रस वेगळा तपासून सीसीएस नावाच्या मापावर पैसे देतात. ब्राझीलमध्ये साओ पाउलोकडे एटीआर हे माप आहे, उसातून निघू शकणाऱ्या एकूण साखरेचं. आपल्याकडे ते का नाही, असं मला सभेत पुष्कळदा विचारलं आहे. वीस-वीस गुंठ्यांचे फड, एका ट्रॉलीत कधी दोन भावांचा ऊस, दिवसाला शेकडो बैलगाड्या. प्रत्येक गाडीचा नमुना घेऊन भांडणं सोडवायला वेगळं कोर्ट लागेल. हे कारण खोटं नाही. पण गेल्या काही वर्षांत तपासणीची यंत्रं बरीच स्वस्त आणि जलद झाली आहेत. किमान गटवार उतारा काढून गावाला फरकाचे पैसे द्यायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

युरियाचं निघालंच आहे तर सांगतो. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, डीएपी खताची ५० किलोची १,३५०. स्वस्त ते माणूस जास्त टाकतो. नत्र मोठ्या बांधणीपर्यंत, म्हणजे उसाच्या बुडाला शेवटची माती लावेपर्यंत, द्यायचं असतं. त्यानंतर टाकलेला युरिया पानं हिरवीगार ठेवतो, बघायला फड झकास दिसतो, ऊस मात्र पिकायचं नावच घेत नाही. रस गढूळ येतो, साफ करायला चुना जास्त लागतो, मळी, म्हणजे साखर काढून उरणारा काळा पाक, वाढते. म्हणजे अनुदानाचा दर दिल्लीत ठरतो आणि त्याचा परिणाम माझ्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत दिसतो. उत्पादनाच्या मूल्यावर कोणते घटक परिणाम करतात याची पुस्तकी यादी तुम्हाला कुठंही मिळेल: जमीन, श्रम, भांडवल, तंत्रज्ञान, बाजारभाव, शासनाचं धोरण. यादीत ते एकाखाली एक, सुटे सुटे दिसतात. प्रत्यक्षात ते एकमेकांच्या मानगुटीवर बसलेले असतात.

तोडणीनंतरचा वेळ हा घटक तर लोक मोजतच नाहीत. ऊस तोडला की त्यातली साखर फुटायला लागते. पहिल्या दिवसात फारसं कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घसरण सुरू होते, आणि जळका ऊस असला तर त्याहून लवकर. एका दिवाळीत, ज्या कारखान्यात मी तेव्हा होतो तिथे मिलचा गिअरबॉक्स गेला आणि यार्डात तीन दिवस ऊस वाळत पडला. मिल सुरू झाल्यावर रस चिकट, बोटाला तार सुटावी तसा. तोडलेल्या उसात जिवाणू वाढतात आणि साखरेचाच डेक्स्ट्रान नावाचा डिंक करून ठेवतात. तो आला की पॅनमध्ये, म्हणजे साखर शिजवायच्या भांड्यात, दाणा बसत नाही, बसला तर लांबुळका बसतो, आणि साखर गाळायची यंत्रं तुंबतात. त्या आठवड्याचा उतारा बघून चेअरमन माझ्यावर ओरडले. ओरडू देत. वाळलेल्या उसाचं वजनही घटलं होतं, त्यामुळे ज्यांचा तो ऊस होता त्यांचं दुहेरी नुकसान झालं, आणि त्यांच्यासाठी ओरडायला कुणी नव्हतं.

आता खर्चाची बाजू. अर्थशास्त्रात उत्पादनाचं एकूण मूल्य वेगळं आणि मूल्यवर्धन वेगळं. तुमचे १ लाख ९१ हजार हे साधारण एकूण मूल्य झालं. त्यातून बेणं, खतं, औषधं, वीज, ट्रॅक्टरचं भाडं वजा करा, उरतं ते मूल्यवर्धन. मजुरी, जमिनीचा खंड, कर्जाचं व्याज आणि तुमच्या स्वतःच्या राबण्याचा मोबदला हे सगळं या उरलेल्यातून निघायचं. देशाच्या मूल्यवर्धनात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि २०२३-२४ च्या पाहणीत काम करणाऱ्यांतली ४६ टक्के माणसं मात्र शेतीत होती. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजे तुमच्या बांधावरची चर्चा. केंद्राने २०२५-२६ साठी उसाचा उत्पादन खर्च क्विंटलला १७३ रुपये धरला आणि एफआरपी त्याच्या दुपटीहून जास्त आहे असं सांगितलं. तो खर्च म्हणजे खिशातून गेलेले पैसे अधिक घरच्या माणसांची मजुरी. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड नाही, स्वतःच्या भांडवलाचं व्याज नाही. आणि तो देशाची सरासरी आहे. टँकरने पाणी घालून जगवलेल्या फडाचा खर्च या आकड्यात शोधू नका.

आडसालीत तुमचा खर्च वाढला असणार तो पाण्यावर आणि तणावर. सतरा महिन्यांत दोन उन्हाळे नाही आले तरी एक पुरा उन्हाळा आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे कोरडे महिने आलेच. तुमची पाण्याची वही असेल तर पाळ्या मोजा. नसेल तर विजेची मोटार किती तास चालली तेवढं तरी काढा.

आता कारखान्याकडे या. तुमच्या मनात शंका आहे की हे लोक ‘परवडत नाही’ म्हणतात ते नाटक असेल. काही ठिकाणी आहेही. सूतगिरणीपासून शिक्षणसंस्थेपर्यंत सगळ्यांचा भार एका कारखान्याच्या अंगावर टाकून वर उसाला दर नाही म्हणणारे मी जवळून पाहिलेत. पण चोख चाललेल्या कारखान्याचंही गणित बारीक असतं. साडेदहा उतारा धरू. एक टन उसातून १०५ किलो साखर. कारखान्याच्या दारात किलोला ३७ रुपये भाव धरला तर ३,८८५ रुपये आले. साडेदहाला एफआरपी होते टनाला ३,६३६. राहिले २४९. म्हणजे साखरेच्या एका किलोत नुसता ऊसच साडेचौतीस रुपयांचा आहे. सरकारने साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये केला, तेव्हा एफआरपी होती १० टक्के उताऱ्याला २७५. त्यानंतर एफआरपी सहा वेळा वाढली, किमान दर वर्षानुवर्षं तिथेच बसून राहिला. बाजारभाव त्याच्या वर होता म्हणून निभावलं.

त्या २४९ रुपयांत पगार, चुना, गंधक, पोती, दुरुस्ती, बँक. बँकेचंच बघा. साखर तयार होते चार-पाच महिन्यांत, विकायची वर्षभर, तीही केंद्राने २०१८ पासून ठरवून दिलेल्या महिन्याच्या कोट्याप्रमाणे. शेतकऱ्याला पैसे मात्र चौदा दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. म्हणून साखर बँकेकडे तारण ठेवून उचल घ्यायची. ३,७०० रुपयांचं क्विंटल सरासरी सहा महिने गोदामात पडलं आणि व्याज दहा टक्के धरलं, तर क्विंटलला १८५ रुपये नुसतं व्याज. टनावर आणलं तर १९४. वरच्या २४९ मधून ते काढा आणि बघा मिठाई वाटायला किती उरतात.

म्हणून सगळा भरवसा उपपदार्थांवर. शंभर टन उसातून २८ ते ३० टन बगॅस, म्हणजे ओला चोथा, निघतं, चार-साडेचार टन मळी, आणि तीन-चार टन प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ. जुन्या कारखान्यात टनभर उसाला निम्मा टन वाफ लागते, सगळं बगॅस बॉयलरच खाऊन टाकतो. जिथे वाफ वाचवली तिथे बगॅस उरतं आणि त्याची वीज विकता येते. विजेचे जुने करार संपल्यावर नव्या करारांत दर घसरले, त्यामुळे ज्यांनी कर्ज काढून सहवीज प्रकल्प उभे केले ते आता हळहळतात. मळीचं इथेनॉल करायचं तर टनभर सी-हेवी मळीतून, म्हणजे निघेल तेवढी साखर काढून उरलेल्या मळीतून, सव्वादोनशे लिटरच्या आसपास मिळतं, म्हणजे एक टन उसामागे दहाएक लिटर. २०२४-२५ साठी त्याचा दर ५७ रुपये ९७ पैसे होता. पावणेसहाशे रुपये झाले, त्यातून डिस्टिलरीचा खर्च वजा.

बी-हेवीचं गणित मजेचं आहे. साखर काढायचं एक पाऊल आधीच थांबायचं आणि साखर असलेली मळी डिस्टिलरीला द्यायची. टनाला पंधराएक किलो साखर कमी निघते, इथेनॉल नऊ-दहा लिटर जास्त. दर ६० रुपये ७३ पैसे. साखर ३७ ने विकली जात असेल तर सोडलेली साखर ५५५ रुपयांची, वाढलेलं इथेनॉल ५७५-६०० रुपयांचं. जेमतेम बरोबरी. साखर ३१ वर आली तर सोडलेली साखर ४६५ची, मग इथेनॉल फायद्याचं. शिवाय तेल कंपन्यांचे पैसे काही आठवड्यांत येतात, साखरेसारखे महिनोन् महिने अडकत नाहीत. म्हणजे तोच ऊस, तीच मिल, तोच केमिस्ट, आणि कोणता पदार्थ करायचा हे ठरणार बाजारावर आणि दिल्लीवर. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने रसापासून इथेनॉल करायला एकदम बंदी घातली. आठवड्याभरात थोडी सैल केली, १७ लाख टन साखरेची मर्यादा घातली. हंगाम ऐन भरात होता. ज्यांनी इथेनॉलच्या भरवशावर डिस्टिलरी वाढवल्या होत्या त्यांच्या कर्जाचे हप्ते काही थांबले नाहीत. शेतात कीड पडली तर औषध मारता येतं, एका रात्रीत बदलणाऱ्या आदेशावर काय मारणार?

तरी मला कुणी एकच घटक निवडायला सांगितला तर मी भाव नाही निवडणार, दिवस निवडेन. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना १५० दिवस चालला तर साडेसात लाख टन गाळतो. ९० दिवस चालला तर साडेचार लाख. पगार, व्याज, घसारा, देखभाल ही रक्कम ऊस कमी आला म्हणून कमी होत नाही. ती समजा वर्षाला ४५ कोटी धरली, तर पहिल्या वेळी टनाला ६०० रुपये भार पडला, दुसऱ्या वेळी १,०००. टनामागे चारशे रुपये नुसत्या धुराडं लवकर थंड होण्याने गेले. २०२१-२२ मध्ये राज्यात विक्रमी, १३७ लाख टनांच्या घरात साखर झाली, जूनपर्यंत गाळप रेंगाळलं आणि मराठवाड्यात ऊस फडात उभा राहून शेतकरी रडकुंडीला आले. तीन वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, साखर ८१ लाख टनांवर आली आणि अनेक कारखाने शंभर दिवसांच्या आत बंद झाले. ऊस वाढला तरी मार, घटला तरी मार. पहिल्यात मार शेतकऱ्याला जास्त, दुसऱ्यात कारखान्याला. आणि घटीच्या वर्षात कारखाने एकमेकांचा ऊस पळवायला लागतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोवळा फड तोडतात. उतारा नऊच्या आतबाहेर येतो, जानेवारी-फेब्रुवारीत तोच फड अकरा-बारा देऊ शकला असता. शेजारी नवा कारखाना निघाला की दर मिळेल म्हणून आपण टाळ्या वाजवतो. थोडे दिवस मिळतोही.

प्रयोगशाळेतलंही एक सांगतो, कारण आमच्यावर कुणी बोलत नाही. उसात तेरा टक्के साखर आली आणि पोत्यात अकरा भरली, तर मधली दोन कुठे गेली याचा हिशेब मी रोज द्यायचो. बगॅसमध्ये अर्धा टक्का किंवा थोडी जास्त, मळीत एक टक्क्याच्या वर, प्रेसमडमध्ये किरकोळ. हे मोजता येतं. आणि मग एक रकाना असतो ‘अज्ञात घट’ नावाचा: गळती, पॅनमधून उडालेली, कोंडेन्सरच्या पाण्यातून गेलेली, आणि चुकीच्या वजनाने हरवलेली. हा रकाना ०.१ टक्क्याने वाढला तर सात लाख टन गाळपावर ७०० टन साखर, म्हणजे अडीच कोटींच्या वर. सहकारी कारखान्यात वार्षिक सभेला पेट्रोलच्या बिलावर दोन तास भांडणं होतात, पण या रकान्यावर मी नोकरीत असेपर्यंत एकाही सभासदाने प्रश्न विचारला नाही. तुम्ही सभासद असाल तर विचारा.

उसाचंच असं नाही. कापसात रुईचा उतारा असतो, क्विंटलभर कापसातून ३४-३५ किलो रुई, बाकी सरकी. जिनिंगवाला बोलतो ओलाव्यावर आणि धाग्याच्या लांबीवर, विकणारा बोलतो वजनावर. वेचणी ओली झाली की वजन वाढतं आणि भाव पडतो. पण कापसाचा शेतकरी निदान प्रत्येक गाडीला भाव पाडून घेताना समोर उभा तरी असतो. आपल्याला ते सुख नाही.

तुम्ही काय करू शकता? दर तुमच्या हातात नाही, सरासरी उतारा तुमच्या हातात नाही. खर्च, महिने आणि तोडणीची वेळ एवढं आहे. ब्रिक्स, म्हणजे रसातला गोडवा, मोजायचा हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर काही हजारांत येतो, पाचसहा जणांत मिळून घ्या. उसाच्या शेंड्याकडचं आणि बुडाकडचं वाचन घ्या. दोन्ही जवळ आले की फड पिकला. बिलात त्याचा पैसा दिसणार नाही हे खरं, पण पिकून पुढे गेलेला, तुरा येऊन दशी पडलेला, म्हणजे आतून पोकळ झालेला, ऊस वजनालाही मार देतो, तो तरी वाचेल. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा ऊसनोंदी ठेवणारा माणूस, तोडीची तारीख देईल तेव्हा तुमच्याकडे दाखवायला आकडे असतील, आणि आकडे दाखवणाऱ्याचं गट ऑफिसात जरा ऐकतात असा माझा अनुभव आहे. टोळी लवकर यावी म्हणून खुशाली मागतात, ती द्यावी लागलीच तर खर्चात लिहा. लोक लिहीत नाहीत, आणि मग फायदा कागदावरच राहतो.

दुसरं, सगळं रान आडसालीखाली ठेवू नका. थोडी पूर्वहंगामी घ्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरची. चौदा-पंधरा महिन्यांत निघते, पाण्याच्या दोन-तीन पाळ्या वाचतात. रान क्षारपड होत असेल तर जात बदलून ते झाकता येईल, बरं होणार नाही. शिरोळकडे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला आणि मीठ फुटलेल्या रानात पुन्हा पीक उभं राहिलं, ते एकदा जाऊन बघून या. खर्च मोठा आहे, एकट्याचं काम नाही. पाणी शेवटी कुणाच्या तरी रानातूनच ओढ्याला जायचं, तेव्हा शेजाऱ्यांशी जमवून घ्यावंच लागेल.

आणि त्या आडसालीचा खोडवा राखला असेल तर पाचट जाळू नका, मेहुण्याला विचारा तो काय करतो. बुडखे जमिनीबरोबर छाटून त्यावर बुरशीनाशक मारा, पाचट सरीत दाबून कुजवा. या वर्षी वही घाला: पाण्याची प्रत्येक पाळी, खताची प्रत्येक गोणी, आणि पहिल्या पानावर आजची तारीख. पुढच्या वर्षी टन सांगू नका, ही वही घेऊन या.